‘घरासाठी’ म्हणून उचललेले पहिले पाऊल



सहामाहीची प्रगतिपुस्तके पालकांच्या सहीसाठी घरी गेली होती. ती परत आली तेव्हा एका पुस्तकापाशी आमचा हात थांबला. नववीतल्या या मुलाचे अब्बा उर्दूत सही करतात. मुलगा पाचवीत आला तेव्हापासून ती सही आमच्या ओळखीची आहे. पहिलेच अक्षर ‘खे’, आणि त्याच्यावरचा नुक्ता ते असा ठासून देतात की मागच्या पानावर उमटतो. या वेळी सहीचे वळण हुबेहूब होते, पण नुक्ता नव्हता.

मुलाला बोलावले. दोन मिनिटे तो इकडेतिकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “सर, नुक्ता राहिला म्हणून सापडलो.” पुढच्या बाकावरून एकाने आवाज दिला, “सर, हा आमच्या वर्गाचा तेलगी!” सगळा वर्ग हसला. ज्याची चोरी पकडली गेली होती तोही हसला. कुणी पदवी बहाल करावी तसा त्याचा चेहरा फुलला.

आम्ही गणितात नापास झालेली मुले पाहिली आहेत, खोट्या सह्याही पाहिल्या आहेत. त्यात नवे काही नाही. पण पूर्वी सही पकडली गेली की मूल रडायचे, अब्बांना सांगू नका म्हणायचे. या मुलाला चुकीचे वाटले ते एवढेच, की नुक्ता राहिला. ते ऐकून आम्ही ठरवले, ज्या तेलगीचे नाव वर्गात एवढ्या अभिमानाने घेतले जाते त्याची ती मालिका आपणही पाहायची.

‘स्कॅम २००३ : द तेलगी स्टोरी’ ही मालिका सोनी लिव्हवर आली त्याला आता बरेच दिवस झाले. पहिला भाग सप्टेंबर २०२३ मध्ये आला, दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. एकूण दहा प्रकरणे. पत्रकार संजय सिंह यांच्या पुस्तकावर ती बेतलेली आहे. हर्षद मेहतावरची ‘स्कॅम १९९२’ ज्यांनी आणली त्या हंसल मेहता यांच्याच देखरेखीखाली ही बनली आणि तुषार हिरानंदानी यांनी ती दिग्दर्शित केली. तेलगीचे काम गगन देव रियार या रंगभूमीवरच्या नटाने केले आहे. आपल्या ओळखीचे भरत जाधव, शशांक केतकर हेही त्यात आहेत. मुलांनी मात्र ही मालिका क्वचितच पूर्ण पाहिली आहे. त्यांना ती मोबाईलवरच्या तीस सेकंदांच्या तुकड्यांतून माहीत आहे. त्या तुकड्यांत पैसा कमवायचा नसतो, बनवायचा असतो, अशा अर्थाचा एक संवाद आहे आणि मागे दणदणीत संगीत आहे. तुरुंग त्या तुकड्यांत नाही.

आम्ही तिघांनी, म्हणजे आम्ही, बेगम आणि बारावीत शिकणारी आमची मुलगी, रात्री जेवणे झाल्यावर एकेक प्रकरण पाहिले. शिव्या आणि काही प्रसंग असे आहेत की लहान मुलांसमोर ती लावू नये, हे आधीच सांगून ठेवतो.

तेलगी हा काही कुठल्या दूरच्या मुलखातला माणूस नव्हता. अब्दुल करीम तेलगीचा जन्म १९६१चा, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. सीमाभागातला हा तालुका. बाजारात मराठी आणि कानडी, घरात उर्दू, असे तिथल्या मुसलमानांचे रोजचे जगणे. वडील रेल्वेत नोकरीला होते. ते लवकर वारले. या मुलाने गाडीत फळे आणि भाजी विकून शाळेची फी भरली, पुढे बी.कॉम. केले. इथपर्यंतची गोष्ट आम्ही कुठल्याही वर्गात अभिमानाने सांगितली असती. अशी मुले आमच्या शाळेतही आहेत. सकाळी विरार लोकलमध्ये वस्तू विकून दुपारी वर्गात बसणारे मूल आम्ही शिकवले आहे.

पुढे तो मुंबईला आला, मग काही वर्षे सौदीला जाऊन राहिला. परत येऊन त्याने लोकांना आखातात नोकरीला पाठवण्याचा धंदा सुरू केला. कोकणातल्या आणि आपल्या वसई-सोपाऱ्यातल्या किती घरांत हा धंदा किंवा त्याचे गिऱ्हाईक आहे, हे सांगायला नको. ज्यांची कागदपत्रे पुरी पडत नव्हती त्यांच्यासाठी खोटे कागद तयार करणे, ही त्याची सुरुवात. गरीब माणूस आहे, दुबईला जाईल, चार पैसे घरी पाठवेल, त्यात कुणाचे काय बिघडले? १९९१ मध्ये मुंबई पोलिसांनी पहिल्यांदा अटक केली. तुरुंगात त्याची गाठ मुद्रांकाच्या धंद्यातल्या माणसाशी पडली आणि बाहेर आल्यावर १९९४ मध्ये त्याला मुद्रांक विक्रीचा रीतसर परवाना मिळाला.

त्यानंतरचे सर्वांना थोडेफार माहीत आहे. मुद्रांक म्हणजे आपला स्टॅम्प पेपर, सरकारी नाशिकच्या छापखान्यात छापला जातो. त्या छापखान्यातून भंगार म्हणून निघालेली यंत्रे त्याच्या हाती लागली आणि तो स्वतःच मुद्रांक छापू लागला. सुमारे ३०० माणसे त्याने विक्रीला नेमली. पाच-दहा रुपयांच्या कागदासाठी कोर्टाबाहेर रांगेत उभे राहणारे तुम्ही-आम्ही त्याचे गिऱ्हाईक नव्हतो. बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल असे घाऊक घेणारे त्याने गाठले. त्यांना मुद्रांकांची टंचाई जाणवे, आणि टंचाईच्या दिवसांत जो घरपोच माल आणून देतो त्याला कुणी फार प्रश्न विचारत नाही. २००० साली बंगळुरूत खोटे मुद्रांक पकडले गेले, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तो अजमेरला हाती लागला. तेव्हा तो चाळिशीचा होता, म्हणजे आज आमचे जे वय आहे त्याच्या आसपासचा.

घोटाळ्याचा आकडा कुणी काही सांगितला, कुणी काही. ३०,००० कोटी हा आकडा सर्वांच्या तोंडी बसला. मोठे पोलीस अधिकारी आणि राजकारणी यांच्यापर्यंत चौकशी गेली. त्यातले काही पुढे निर्दोष सुटले. तेलगीला जानेवारी २००६ मध्ये ३० वर्षांची सक्तमजुरी झाली. २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. तिथे १३ वर्षांची शिक्षा आणि २०२ कोटी रुपयांचा दंड झाला. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी बंगळुरूच्या सरकारी रुग्णालयात, अनेक आजारांनी जर्जर होऊन, वयाच्या ५६व्या वर्षी तो मरण पावला. मय्यत खानापूरला नेली. जिथून फळांची टोपली घेऊन निघाला होता तिथेच.

मालिका पाहताना पहिल्या रात्री बेगम म्हणाल्या, “पुन्हा आपल्याच नावाचा माणूस.” हा सल आपल्या सगळ्यांच्या मनात असतो. बातमीत नाव येईपर्यंत आपण श्वास रोखून असतो, आणि नाव आपल्यातले निघाले की घरात शांतता पसरते. याबद्दल दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. पहिली ही, की चोरीला धर्म नसतो. याच मालिकावाल्यांनी आधी हर्षद मेहता दाखवला होता. तेलगीच्या खटल्यांत आरोपींच्या पिंजऱ्यात सगळ्या जातिधर्मांची माणसे होती. खोटे मुद्रांक एकटा माणूस एवढी वर्षे विकूच शकत नाही. ज्यांनी डोळे मिटून घेतले आणि ज्यांनी मिटण्याचे पैसे घेतले, त्यांची नावे काही एकाच समाजाची नव्हती. दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. ‘आपल्यालाच बदनाम करतात’ असे म्हणून आपण टीव्ही बंद केला, तर मालिकेतला जो प्रश्न आपल्या घराला विचारलेला आहे, तोही बंद होतो. त्या माणसाचे नाव अब्दुल करीम होते, म्हणजे करीमचा, सर्वांत उदार देणाऱ्याचा बंदा. ज्याच्या नावातच देणारा कोण हे सांगितलेले आहे, त्याला आपले रिज्क स्वतः छापावेसे वाटले. अशी नावे आपण आपल्या मुलांना सहाव्या-सातव्या दिवशी मोठ्या प्रेमाने देतो. पण पुढे त्या नावाचा अर्थ सांगायला आपल्याला सवड होत नाही.

आता त्या प्रश्नाकडे वळू. साधा माणूस बिघडतो कसा?

कुरआन शरीफात ठिकठिकाणी सावध केले आहे की शैतानच्या पावलांवर पाऊल टाकू नका. आम्ही वर्गात हा अर्थ सांगताना मुलांचे लक्ष ‘पावले’ या शब्दाकडे वेधतो. उडी नाही, पावले. खानापूरचा फळवाला आणि हजारो कोटींचा तेलगी यांच्यात एकही उडी नाही. एका गरजूसाठी केलेला खोटा कागद, मग त्याचे घेतलेले पैसे, मग दुसऱ्यासाठी कागद, मग कागदाचाच धंदा. प्रत्येक पाऊल मागच्यापेक्षा बोटभर पुढे. आणि प्रत्येक पावलाला एकच कारण असते, “घरासाठी करतो.”

आमची मुलगी म्हणाली की अमेरिकेत ‘ब्रेकिंग बॅड’ नावाची अशीच एक मालिका फार गाजली होती, २००८ ते २०१३ मध्ये. त्यातला नायक तर शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा मास्तर. कर्करोग झाल्याचे कळते, मागे बायको-मुलांचे काय होणार म्हणून तो अमली पदार्थ बनवू लागतो. पाच पर्वे तो सांगत राहतो की हे कुटुंबासाठी आहे. अगदी शेवटी बायकोसमोर कबूल करतो की ते त्याने स्वतःसाठी केले, त्याला ते आवडत होते. ऐकून आम्ही गप्प झालो. घरच्यांच्या नावाने पाप करणाऱ्याला घरच्यांनी एकदा तरी विचारलेले असते का, की आम्ही कधी मागितले होते?

दुसरे कारणही नेहमीचे आहे. “सरकारचा पैसा आहे. कुणा गरिबाचा खिसा कापला का?” खोट्या मुद्रांकात हेच होते. घेणाऱ्याला कागद मिळाला, त्याचे काम झाले, विकणाऱ्याला पैसे मिळाले. नुकसान झाले ते सरकारच्या तिजोरीचे, आणि तिजोरीला चेहरा नसतो.

वसई-विरारमध्ये राहणाऱ्याने तरी हे बोलू नये. २०२३ मध्ये विरारमध्ये उघड झालेले प्रकरण आठवा. महापालिकेची परवानगी, शिक्के, सह्या, सगळे बनावट तयार करून ५५ इमारती उभ्या राहिल्याचे निघाले. नालासोपारा पूर्वेच्या त्या ४१ इमारती तर आपल्या डोळ्यांसमोर गेल्या. कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेल्या जागेवर त्या बांधल्या होत्या. खोट्या कागदांवर घरे विकली गेली. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२५च्या सुरुवातीला त्या पाडून पूर्ण झाल्या तेव्हा अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे रस्त्यावर आली. ऐन परीक्षेच्या तोंडावर. पाडकाम सुरू असताना आम्ही एका संध्याकाळी तिथून गेलो. लोकांनी गाद्या, कपाटे, गॅसची शेगडी रस्त्याकडेला लावून ठेवली होती. एक बाई धुण्याच्या मशीनवर बसून मुलाला भरवत होती. त्यांनी कष्टाच्या पैशातून घर घेतले होते, गावची जमीन विकून, दागिने मोडून. त्यांच्या हातातला कागद तेवढा खोटा होता. तो छापणाऱ्यानेही कधीतरी म्हटले असेलच, की यात कुणाचे काय बिघडते.

म्हणजे चेहरा असतो. फक्त तो खोटा कागद करणाऱ्याच्या टेबलासमोर नसतो, दहा वर्षांनी दुसरीकडे कुठेतरी रस्त्याकडेला असतो.

इथपर्यंत लिहून आम्ही थांबलो असतो तर हा लेख आम्हाला सोपा गेला असता. पण मालिकेच्या चौथ्या की पाचव्या रात्री आमच्या मुलीने रिमोट दाबून चित्र थांबवले आणि विचारले, “अब्बा, दादीच्या आजारपणातलं ते मेडिकलचं बिल आठवतं?”

आम्हाला आठवत होते. २०१६ साल. आमची अम्मी नऊ दिवस दवाखान्यात होती. आम्हा शिक्षकांना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते, त्यासाठी औषधांची बिले जोडावी लागतात. मेडिकलवाल्याने बिल करताना सहज विचारले, “सर, सरकारी बिल आहे ना? मग दोन-चार औषधं जास्तीची टाकतो. तुमचं पण भागेल, माझं पण.” आम्ही ‘टाका’ म्हटले नाही. ‘नको’ही म्हटले नाही. खिशातला पेन काढून उगाच काहीतरी लिहीत राहिलो. त्याने टाकली. ४,३०० रुपयांची.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, काउंटरला नाक टेकवून उभी. बाहेर आल्यावर तिने विचारले होते की ही सिरपची बाटली दादीला कधी दिली? आम्ही म्हटले होते, “मोठ्यांच्या कामात बोलू नये.” बिल मंजूर झाले. त्या पैशांत आम्ही अम्मीच्या खोलीत भिंतीवरचा पंखा लावला. घरासाठीच की. अम्मी पुढे दोन वर्षांनी अल्लाहकडे गेली. पंखा अजून फिरतो.

तेलगी आणि आमच्यात फरक काय? आकड्याचा आहे, आणि तो फार मोठा आहे, हे आम्हालाही कळते. पण त्या रात्री आम्हाला आकडा दिसत नव्हता. दिसत होते ते काउंटरवरचे मूल. त्या दिवशी ते दोन गोष्टी शिकले. कागदावर खोटे लिहिले तरी चालते, आणि घरात त्याबद्दल विचारायचे नसते. नऊ वर्षे आम्ही वर्गात प्रामाणिकपणावर निबंध लिहून घेत होतो, आणि घरी हा एक धडा मुलीच्या मनात तसाच पडून होता.

बेगमना हे बिल माहीतच नव्हते. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “मला तेव्हा सांगितलं असतं तर पंखा मी माझ्या भिशीच्या पैशांतून आणला असता.” हे वाक्य आम्हाला रागापेक्षा जास्त लागले. घरासाठी म्हणून जे केले ते घराला विचारलेच नव्हते. घराकडे दुसरा रस्ता होता.

पैसे परत करायचे ठरवले. हे वाटते तेवढे सोपे नाही. आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी आधी नीट ऐकून घेतले, मग हसले. म्हणाले, “सर, बिल कमी मंजूर झालं म्हणून भांडणारे रोज येतात. जास्त झालं म्हणून आलेले तुम्ही पहिले.” मग आवाज खाली करून म्हणाले, “लेखी देऊ नका. चौकशी लागेल, नोकरीवर येईल. मशिदीच्या पेटीत टाका आणि मोकळे व्हा.” सल्ला चांगल्या मनाने दिला होता, आणि खरे सांगायचे तर आम्हाला तो आवडलाही होता.

मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. त्यांनी सरळ विचारले, “मशिदीला असे पैसे का देता? ज्याचे आहेत त्याला आधी परत करा. सगळा प्रयत्न करून रस्ता बंदच निघाला, तर मग गरजूला द्या, आणि त्यावर सवाबाची आशा ठेवू नका.” म्हणजे खैरात करून नाव मिळवायचीही सोय नाही. उचललेले ओझे फक्त खाली ठेवायचे.

तीन रात्री झोप नीट लागली नाही. आमची नोकरी गेली तर घराचे काय, हा विचार पुन्हा पुन्हा येत होता. मग ध्यानात आले की हेच ते वाक्य. घरासाठी. पहिले पाऊल ज्याच्या नावावर पडले, मागे वळायचे पाऊलही त्याच्याच नावावर अडत होते. शेवटी अर्ज लिहिला. तारीख, बिलाचा क्रमांक, रक्कम, आणि ही औषधे घेतली नव्हती, असे एक वाक्य. खाली सही केली. पोच घेतली. हा अंक छापायला जाईपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही. ४,३०० रुपये एका पाकिटात घालून कपाटात ठेवले आहेत. पुढे काय होईल ते अल्लाह जाणे. जे होईल ते आम्ही याच पानावर सांगू.

तेलगीच्या मृत्यूनंतर वृत्तपत्रांत एक बातमी आली होती, की त्याच्या पत्नीने पुण्याच्या न्यायालयात अर्ज करून त्याची मालमत्ता सरकारजमा करावी अशी विनंती केली. मोबाईलच्या तुकड्यांत ही गोष्ट कुणी टाकत नाही. आम्ही ती वर्गात सांगितली. ज्या घरासाठी म्हणून सगळे उभे केले, त्या घरातल्या बाईनेच ते नको म्हटले. मुले शांत बसली. पुढच्या बाकावरच्या त्या बोलक्या मुलाने विचारले, “मग सर, एवढं सगळं केलं कशाला?” याचे उत्तर आम्ही दिले नाही. प्रश्न त्याच्यापाशी राहू दिला.

आपल्या दीनमध्ये कागदाला किती मान आहे, याचा आपण फारसा विचार करत नाही. कुरआन शरीफातली सर्वांत लांब आयत सूरह बकराहमध्ये आहे. ती कशाबद्दल आहे? नमाज-रोज्याबद्दल नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, कमी-जास्त करू नये, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नये. चौदाशे वर्षांपूर्वी जिथे लिहिता येणारी माणसे मोजकी होती, तिथे ही शिकवण दिली गेली. म्हणजे दस्त हा कोरडा सरकारी मामला नाही, ती अमानत आहे. प्रगतिपुस्तकावरची सही, भाडेकरार, उत्पन्नाचा दाखला, औषधाचे बिल, सगळे त्यातच आले.

आणि हजरत अबूबक्र सिद्दीक (रजि.) यांची ती गोष्ट. त्यांच्या गुलामाने एकदा काही खायला आणून दिले. त्यांनी खाल्ले. मग कळले की जाहिलियतच्या काळात खोटे भविष्य सांगून मिळालेल्या कमाईतले ते आहे. त्यांनी बोट घालून ओकून टाकले. पहिले खलीफा जे होते त्यांना एक घास पोटात ठेवणे जमले नाही, आणि आपण घरात येणाऱ्या पैशाला ‘कुठून आला’ हे विचारायला बिचकतो.

म्हणून घरच्या माणसांना आमचे सांगणे आहे. आपण मुलाला विचारतो, पगार किती? नवऱ्याला विचारतो, या महिन्यात एवढेच? आखातातून फोन आला की विचारतो, कधी पाठवणार? यात एक प्रश्न वाढवा, हे कशाचे आहे? संशयाने नाही, प्रेमाने. घरातला मोबाईल, गाडी, दागिना अचानक मोठा झाला तर शेजाऱ्यांना दाखवण्याआधी विचारा. आणि आपल्या मागण्यांकडेही एकदा बघा. बाहेर चुकीचे पाऊल टाकणाऱ्या कितीतरी माणसांनी घरातून निघताना एखादी मोठी यादी ऐकलेली असते. बेगमच्या भिशीसारखा एखादा रस्ता प्रत्येक घरात असतो, फक्त विचारावे लागते.

खोट्या कागदाला बळी पडू नये म्हणूनही थोडी काळजी घ्या. घर घेताना बिल्डरने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक तपासा, बांधकाम परवानगी खरी आहे का हे महापालिकेत जाऊन विचारा, सातबारा स्वतः काढा. समजत नसेल तर मोहल्ल्यातल्या एखाद्या वकिलाची फी द्या. ती फी आयुष्यभराच्या बचतीपुढे काहीच नाही. आणि “कागदाचं मी बघतो, तुम्ही फक्त पैसे द्या” असे म्हणणाऱ्याचा चहासुद्धा घेऊ नका.

राहिला तो नववीतला मुलगा. आम्ही त्याच्या अब्बांना शाळेत बोलावले नाही. मुलालाच सांगितले की घरी जाऊन प्रगतिपुस्तक दाखव, खोट्या सहीसकट, आणि त्याच्या खाली खरी घेऊन ये. दोन दिवस त्याने टाळले. तिसऱ्या दिवशी पुस्तक आणले. खरी सही होती, नुक्ता ठासून दिलेला, मागच्या पानावर उमटलेला. मुलाचे डोळे लाल होते. घरी काय झाले ते आम्ही विचारले नाही. त्या दिवशी वर्गात त्याला तेलगी म्हणून कुणी हाक मारली, तेव्हा तो हसला नाही.

अल्लाह तआला आपणा सर्वांना हलाल रिज्कात बरकत देवो, चुकीच्या पहिल्या पावलालाच आपल्याला अडवणारी माणसे आपल्या घरात देवो, आणि त्यांचे ऐकण्याची समज आपल्याला देवो. आमीन.